सूक्ष्मदर्शकाखालची कविता: मिरोस्लाव्ह होलुबची गोष्ट

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी ही उजळणी. आणि ज्यांना लोकलच्या गोंगाटात निम्मं ऐकूच आलं नाही, त्यांच्यासाठी हा सगळा मजकूर. बोलताना जी वाक्यं अर्धवट राहिली होती, ती इथे पूर्ण केली आहेत.

आधी एक गोष्ट. कदाचित एखाद्या मॅनेजमेंटच्या लेक्चरमध्ये किंवा मोटिव्हेशनल व्हिडिओत तुम्ही ती ऐकली असेल.

पहिल्या महायुद्धाचा काळ. हंगेरियन सैन्याची एक तुकडी आल्प्स पर्वतात आहे. एक तरुण लेफ्टनंट काही सैनिकांना टेहळणीसाठी बर्फात पाठवतो. लगेच बर्फ पडायला लागतो आणि दोन दिवस थांबत नाही. सैनिक परत येत नाहीत. लेफ्टनंट स्वतःला दोष देत बसतो, की मीच यांना मरायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी सगळे परत येतात! कसे आलात? ते म्हणतात, आम्ही आशा सोडली होती, पण एकाच्या खिशात नकाशा सापडला. मग धीर आला. वादळ जाऊ दिलं आणि नकाशा बघत वाट काढली. लेफ्टनंट तो नकाशा हातात घेऊन नीट बघतो. नकाशा आल्प्सचा नसतोच. तो असतो पिरिनीज पर्वताचा, म्हणजे पार फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरचा.

ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तात्पर्य साधारण असं, की चुकीचा का होईना, हातात प्लॅन असला की माणूस हलतो. पण ही मुळात एक कविता आहे, हे सांगणारे फार थोडे. १९७७ साली ती लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये इंग्रजी अनुवादात आली. कवीचं नाव मिरोस्लाव्ह होलुब, राहणार प्राग, चेकोस्लोव्हाकिया. होलुबने कवितेतच सांगून टाकलंय, की ही गोष्ट आपण आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्याकडून ऐकली. हे तेच हंगेरियन शास्त्रज्ञ, ज्यांना १९३७ साली नोबेल मिळालं आणि ज्यांचं नाव आपण 'क' जीवनसत्त्वाच्या धड्यात वाचतो. म्हणजे होलुबने श्रेय प्रामाणिकपणे दिलं. पुढे गोष्ट सांगणाऱ्यांनी मात्र त्याचंच नाव गाळलं.

आणि गंमत बघा. गंमत कसली, दैवदुर्विलास म्हणा. ही कविता लंडनमध्ये छापली जात होती, त्या वर्षी होलुबच्या स्वतःच्या देशात त्याचं नवं पुस्तक निघू शकत नव्हतं.

हा माणूस पेशाने शास्त्रज्ञ होता, माणसाच्या प्रतिकारशक्तीवर काम करणारा. अनेक वर्षं त्याने एक लोकप्रिय विज्ञान मासिक चालवलं, सामान्य वाचकांसाठी विज्ञानावर निबंध लिहिले, आणि विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या युरोपियन कवींमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. आज आपण त्याची गोष्ट समजून घेऊ. प्रश्न एकच मनात ठेवा: सगळीकडे मोठमोठे आणि खोटे शब्द चालू असतात, तेव्हा एक साधी गोष्ट नीट बघून, जशी दिसली तशी सांगणं, याला काय किंमत असते?

हमाली ते मेडिकल कॉलेज

होलुबचा जन्म १३ सप्टेंबर १९२३ चा, पिल्झेन गावातला. बिअरसाठी प्रसिद्ध असलेलं तेच गाव. वडील रेल्वेत वकील, आई भाषा शिकवायची. चेक भाषेत 'होलुब' म्हणजे कबुतर. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तो शाळेत असतानाच नाझी जर्मनीने देश घेतला. नोव्हेंबर १९३९ मध्ये नाझींनी चेक विद्यापीठं बंद करून टाकली. त्यामुळे शाळा संपली तेव्हा पुढे शिकायला कॉलेजच नव्हतं. मग गोदामात आणि रेल्वे स्टेशनवर मजुरी. कॉलेजचं वय हमालीत गेलं.

१९४५ ला युद्ध संपलं, विद्यापीठं उघडली आणि होलुब प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात दाखल झाला. १९५३ साली डॉक्टर झाला. काही काळ पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. पॅथॉलॉजिस्टचं काम म्हणजे आजार नेमका कुठे आणि कसा झाला, हे ऊती आणि पेशी तपासून शोधायचं. पेशंटला काय वाटतं, नातेवाईक काय म्हणतात, यापेक्षा काचपट्टीवर काय दिसतं ते महत्त्वाचं. १९५४ पासून तो देशाच्या विज्ञान अकादमीच्या जीवशास्त्र संस्थेत इम्युनॉलॉजीवर संशोधन करू लागला.

'व्हेस्मीर'चा संपादक

याच्याच जोडीला आणखी एक काम चालू होतं. चेक भाषेत 'व्हेस्मीर' नावाचं मासिक आहे. नावाचा अर्थ 'विश्व'. १८७१ साली सुरू झालेलं हे लोकांसाठीचं विज्ञान मासिक. १९५१ ते १९६५ अशी जवळपास चौदा वर्षं होलुब त्याच्या संपादनात होता.

हा काळ कसा होता, तेही सांगायला हवं. १९४८ साली देशात कम्युनिस्ट राजवट आली. सोव्हिएत युनियनमध्ये तेव्हा लिसेन्को नावाच्या माणसाचा दबदबा होता. त्याने जनुकशास्त्र हे भांडवलदारांचं थोतांड ठरवलं होतं आणि त्याच्या मतांना स्टालिनचा आशीर्वाद होता. त्या गटातल्या इतर देशांवरही याची सावली पडली. ज्या काळात सत्ता ठरवते की गव्हाचं बी कसं वागणार, त्या काळात लोकांना विज्ञान समजावून सांगण्याचं काम वाटतं तेवढं निरुपद्रवी नसतं.

विज्ञान सोपं करून लिहिताना एक शिस्त लागते. शब्द फुगवायचा नाही. वाचकाला कळतंय असं वाटावं आणि खरंच कळावं, या दोन्ही गोष्टी साधायच्या. ही शिस्त होलुबच्या कवितेत जशीच्या तशी दिसते.

पंधरा मीटरचा स्टालिन

१९५५ साली प्रागमध्ये नदीकाठच्या टेकडीवर स्टालिनचा पुतळा उभा राहिला, पंधरा मीटरहून उंच. मागे कामगार, शेतकरी, सैनिकांची दगडी रांग. सरकारी साहित्याचंही तसंच झालं होतं. कवितेत ट्रॅक्टर, कारखाना, उज्ज्वल भविष्य, शांततेचा विजय. सगळं प्रचंड, सगळं दगडी.

त्याच सुमारास 'क्व्हेतेन' नावाच्या मासिकाभोवती काही तरुण लेखक जमले. 'क्व्हेतेन' म्हणजे मे महिना. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला रोजच्या जगण्याबद्दल लिहू द्या. ट्राम, स्वयंपाकघर, ऑफिस, दवाखाना. ऐकायला किती मवाळ मागणी वाटते ना? पण जिथे भव्यता सक्तीची असते तिथे 'रोजचं' हा शब्दसुद्धा अडचणीचा ठरतो. १९५९ साली ते मासिक बंद झालं.

होलुब या गटातला. त्याचा पहिला कवितासंग्रह आला १९५८ साली, पस्तिशीच्या आसपास. नाव होतं 'दिवसपाळी'. पहिल्याच पुस्तकाला ड्यूटी चार्टवरचं नाव! त्यात प्रयोगशाळा आहे, सूक्ष्मदर्शक आहे, पेशी आहेत. पुढच्या पाच वर्षांत एकामागून एक संग्रह आले. एकाचं नाव 'अ‍ॅकिलीज आणि कासव', एकाचं 'अंकलिपी', एकाचं 'जा आणि दार उघड'.

त्याची कविता दिसायला अगदी साधी असते. यमक नाही, छंद नाही, विशेषणं कमी. एखादी छोटी घटना असते आणि तिच्यातून एक विचार तपासला जातो, प्रयोगासारखा. उदाहरणार्थ 'नेपोलियन' नावाची कविता. वर्गात शिक्षक मुलांना नेपोलियनबद्दल विचारतात. मुलं काहीही सांगतात. एक मुलगा मात्र ठामपणे सांगतो, की आमच्या खाटकाच्या कुत्र्याचं नाव नेपोलियन होतं. मग त्या कुत्र्याचं काय झालं ते कळतं, आणि मुलांना वाईट वाटतं ते त्या कुत्र्याबद्दल. युरोप हादरवून टाकणारा सम्राट वर्गातून कधीच निघून गेलेला असतो. संपूर्ण कवितेत एकही मोठा शब्द नाही. पण प्रागमधल्या वाचकाला टेकडीवरचा पुतळा आठवल्याशिवाय राहिला असेल का? तो पुतळा १९६२ साली सुरुंग लावून पाडला गेला.

पगार नको, प्रयोगशाळा हवी

आता तुम्ही म्हणाल, कविता इतकी चांगली चालली होती तर नोकरी सोडून पूर्ण वेळ कवी का नाही झाला? तशी संधी आली होती. लेखक संघाने त्याला देऊ केलं होतं, की दोन वर्षं तुझ्या पगाराएवढी रक्कम आम्ही देतो, तू फक्त कविता लिही. त्याने नकार दिला. त्याचं कारण मजेशीर आहे. सगळा वेळ कवितेसाठी मोकळा मिळाला, तर आपल्या हातून काहीच लिहून होणार नाही, अशी त्याला भीती होती.

आपल्याकडे 'पॅशन फॉलो करा' हे वाक्य दिवसातून दहा वेळा स्क्रीनवर येतं. होलुबचं उदाहरण वेगळ्या बाजूने विचार करायला लावतं. त्याला विज्ञान मनापासून आवडायचं आणि कवितेला लागणारा कच्चा माल तिथूनच यायचा.

मात्र विज्ञान आणि कविता एकच असतात, असल्या गोड बोलण्याला तो फसला नाही. याविषयी त्याने निबंध लिहिलेत. त्याचा मुद्दा साधारण असा: विज्ञानात शब्द घट्ट असावा लागतो, एका शब्दाचा एकच अर्थ. 'लिम्फोसाइट' म्हटलं की प्राग, पुणे, टोकियोत एकच पेशी डोळ्यांसमोर यायला हवी. कवितेत शब्द एकाच वेळी अनेक अर्थांना हात लावतो. दोन्ही ठिकाणी शोध असतो, पण हत्यार वेगळ्या पद्धतीने वापरावं लागतं. दोन्ही हत्यारं ज्याच्या हातात आहेत, त्याला फरक जास्त चांगला कळतो.

आणि त्याचं विज्ञान हौशी नव्हतं. शरीरात जंतू शिरले की त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, हे आता कोविडनंतर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण १९५० च्या दशकात, त्या नेमक्या कोणत्या पेशी बनवतात आणि लिम्फोसाइट नावाच्या छोट्या गोल पांढऱ्या पेशींचं काम काय, यावर वाद होता. होलुब आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती वापरली. बारीक छिद्रांच्या पडद्याची छोटी डबी घ्यायची, तिच्यात लिम्फोसाइट ठेवायच्या आणि ती प्राण्याच्या शरीरात बसवायची. पडद्यातून द्रव आत-बाहेर जातो, पेशी जाऊ शकत नाहीत. मग आतल्या पेशी कशा बदलतात ते बघायचं. चिकाटीने, तासन् तास बघत राहण्याचं हे काम.

१९६८ आणि नंतर

१९६५ ते ६७ होलुब न्यूयॉर्कमध्ये संशोधन करत होता. १९६७ साली पेंग्विनने त्याच्या निवडक कवितांचं इंग्रजी पुस्तक काढलं, स्वस्त पेपरबॅक. इंग्लंडमध्ये टेड ह्यूजसारख्या कवींनी त्याला उचलून धरलं. आयर्लंडच्या शेमस हीनीने पुढे त्याच्यावर निबंध लिहिला.

१९६८ साली चेकोस्लोव्हाकियात वारं बदललं. सेन्सॉरशिप सैल झाली, लोक मोकळं बोलू लागले. यालाच प्राग स्प्रिंग म्हणतात. होलुब सुधारणांच्या बाजूचा होता. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रणगाडे देशात घुसले आणि सगळं संपलं. त्यानंतरच्या काळाला नाव दिलं गेलं 'नॉर्मलायझेशन'. म्हणजे सगळं पूर्ववत करणं. बघा, पुन्हा एक मोठा आणि खोटा शब्द!

होलुबने संस्थेतली जागा गमावली. १९७० पासून त्याच्या कविता छापणं बंद झालं, पुस्तकं ग्रंथालयांतून गेली. वयाच्या ऐन सत्तेचाळिशीत कवी म्हणून तो आपल्याच भाषेतून पुसला गेला. पुढे त्याला प्रागच्याच एका वैद्यकीय संशोधन संस्थेत काम मिळालं.

इथे गोष्टीतला अवघड भाग येतो. तो गाळून पुढे गेलो तर होलुबच्याच शिस्तीला धरून होणार नाही. १९७३ साली त्याने जाहीर आत्मटीका केली. साठच्या दशकातल्या आपल्या राजकीय भूमिकेपासून त्याने स्वतःला दूर केलं. त्या काळी राजवट अशी निवेदनं करून घ्यायची. व्हाक्लाव हावेलसारखे काही लेखक नमले नाहीत आणि तुरुंगात गेले. होलुब त्या वाटेने गेला नाही. तो प्रयोगशाळेत राहिला. आणि आत्मटीका करूनही त्याचं नवं कवितेचं पुस्तक मायभाषेत निघायला १९८२ साल उजाडावं लागलं.

त्याला भित्रा म्हणायचं का? की आपलं काम वाचवणारा शहाणा? मुंबईत किंवा पुण्यात, फोन हातात घेऊन हे ठरवणं फार सोपं आहे. राजवटीने जे मागितलं त्यातलं काही त्याने दिलं, आणि बदल्यात विज्ञान हातात ठेवलं. देशात दोन्ही तऱ्हेची माणसं होती, आणि त्या निवडीची किंमत दोघांनीही वेगवेगळी मोजली. एवढं मात्र दिसतं, की त्यानंतरच्या कविता जास्त काळ्या विनोदाच्या, जास्त कडवट आहेत. त्यांत कळसूत्री बाहुल्या येतात, नाटकाचा रंगमंच येतो, आणि ठरवून दिलेली वाक्यं म्हणणारी पात्रं येतात.

केस नसलेला उंदीर

या वर्षांत होलुब कशावर काम करत होता? न्यूड माउस म्हणजे जन्मतः केस नसलेल्या उंदरांवर. यांची गोष्ट भारी आहे.

१९६२ साली ग्लासगोच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत, पांढऱ्या उंदरांमध्ये काही पिल्लं टकली निघाली. आधी वाटलं, फक्त केसांचा दोष. १९६८ साली लक्षात आलं की यांना थायमस ग्रंथीच नाही. थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची ग्रंथी. 'टी' पेशी तिथे तयार होतात, म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखायला शिकतात. एकाच जनुकातल्या बिघाडामुळे केसही गेले आणि ही शाळाही गेली.

परिणाम असा, की या उंदराचं शरीर परक्या ऊतीला नाकारू शकत नाही. १९६९ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी माणसाच्या कॅन्सरची गाठ अशा उंदरात वाढवून दाखवली. तेव्हापासून कॅन्सरवरची औषधं तपासायला हा उंदीर जगभर वापरला जातो. होलुबचा प्रश्न आणखी मुळातला होता: थायमस नसतानाही हा प्राणी जगतो, मग त्याच्याकडे कोणती प्रतिकारशक्ती उरलेली असते? १९८९ साली त्याने या विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला. शिवाय सामान्य वाचकांसाठी या उंदरांच्या खासगी आयुष्यावर एक खुसखुशीत निबंधही.

सगळं काढून घेतल्यावर काय उरतं आणि त्यावर जगता येतं का, हा प्रश्न तो रोज पिंजऱ्यासमोर बसून विचारत होता.

छोटे प्रकाशक कामाला आले

दरम्यान कवितांचं काय झालं? त्या बाहेर निघत राहिल्या. १९७७ साली लंडनमध्ये त्याच्या कवितांचं एक पुस्तक आलं, नाव 'नोट्स ऑफ अ क्ले पिजन'. नेमबाजीच्या सरावात जी मातीची तबकडी हवेत उडवून फोडतात, तिला इंग्रजीत क्ले पिजन म्हणतात, मातीचं कबुतर. आणि होलुब म्हणजे कबुतर! सगळे जिच्यावर नेम धरतात त्या तबकडीच्या या नोंदी. एका आडनावात त्याने आपली सगळी परिस्थिती सांगून टाकली.

नंतरची बरीच पुस्तकं अगदी लहान प्रकाशन संस्थांनी काढली. आपल्याकडे लिटल मॅगझिनवाले काढायचे ना, तशाच जिद्दीने. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ओबरलिन या छोट्या कॉलेजने 'सॅजिटल सेक्शन' (१९८०) आणि 'इंटरफेरॉन' (१९८२) ही पुस्तकं काढली. इंग्लंडमध्ये नील अ‍ॅस्टली याने १९७८ साली न्यूकॅसलला ब्लडअ‍ॅक्स नावाची कवितेची प्रकाशन संस्था सुरू केली. तिने होलुबची 'ऑन द कॉन्ट्ररी' (१९८४) आणि 'द फ्लाय' (१९८७) ही पुस्तकं छापली. ही मंडळी राजकीय ताकदवाली नव्हती. अनुवादक शोधायचे, काही प्रती छापायच्या आणि पोस्टाने पाठवायच्या, एवढीच त्यांची ताकद. पण एका देशाच्या सरकारने बंद केलेलं दार त्यांनी दुसऱ्या भाषेत उघडं ठेवलं.

अनुवादात होलुब टिकला याचं एक कारण त्याची शैली. ज्या कवितेचा जीव नादात असतो ती भाषेची सीमा ओलांडताना लंगडते. होलुबच्या कवितेचा जीव निरीक्षणात आहे. ते सगळ्या भाषांत पोचतं.

'इंटरफेरॉन' हे नावच बघा. १९५७ साली लंडनमध्ये या प्रथिनाचा शोध लागला. विषाणूने पकडलेली पेशी मरता मरता इंटरफेरॉन सोडते. तिला स्वतःला त्याचा उपयोग होईलच असं नाही, पण शेजारच्या पेशी सावध होतात आणि तयारीला लागतात. या माहितीवर होलुबने दीर्घ कविता लिहिली. ज्याची पुस्तकं ग्रंथालयातून काढली आहेत, त्याने हा विषय का निवडला असेल, हे समजावून सांगायची गरज नाही.

तीन सेकंदांचा 'आत्ता'

आता त्याच्या विज्ञान निबंधांबद्दल, कारण हे तुम्हाला सर्वांत जास्त आवडतील. 'द डायमेन्शन ऑफ द प्रेझेंट मोमेंट' या निबंधात तो विचारतो, 'आत्ता' म्हणजे किती वेळ? जर्मन संशोधक अर्न्स्ट प्योपेल यांचं म्हणणं होतं, की मेंदू अनुभवाचे साधारण तीन-तीन सेकंदांचे गठ्ठे बांधतो. तेवढं आपल्याला एकाच वेळी 'आत्ता' म्हणून जाणवतं. त्यांनी कवी फ्रेडरिक टर्नर यांच्यासोबत अनेक भाषांतल्या कविता तपासल्या. कवितेची एक ओळ म्हणायला पुष्कळदा तेवढाच वेळ लागतो, असं त्यांना आढळलं.

हा काही दगडावरचा नियम नाही, यावर वाद आहेत. पण प्रयोग घरी करता येतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. पाठ असलेल्या अभंगाचं एक चरण म्हणा, मग एखाद्या रॅपची एक ओळ. किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. होलुबला हेच आवडलं असतं: मान डोलावण्यापेक्षा मोजून बघणं.

दुसरा निबंध 'शेडिंग लाइफ'. पोहण्याच्या छोट्या तलावात एक मस्करॅट शिरतो, म्हणजे पाण्याकाठी राहणारा, घुशीसारखा दिसणारा प्राणी. शेजारी बंदुकीने त्याला उडवतो. रक्त पुसायचं काम होलुबवर येतं. पुसता पुसता तो विचार करतो: हा प्राणी मेला, पण या रक्तातल्या पेशींना ते कुठे कळलंय? पांढऱ्या पेशी अजून आपलं काम करायला धडपडत असतील. गोठण्याची यंत्रणा गळती थांबवायला धावत असेल, कुणाची ते माहीत नसताना. आपण ज्याला 'मेला' म्हणून एका शब्दात मिटवतो, ते खरं तर हजारो छोट्या मरणांची लांबलचक प्रक्रिया असते. निबंधात तो प्राण्याबद्दल गळा काढत नाही. तो फक्त रक्तात काय चाललंय ते सांगतो, आणि आपल्याला पुढच्या वेळी झुरळावर चप्पल उगारतानाही दोन क्षण थांबायला होतं.

शेवटी काय?

१९८९ साली ती राजवट कोसळली. होलुबची पुस्तकं मोकळेपणाने छापली जाऊ लागली. १४ जुलै १९९८ ला प्रागमध्ये तो गेला, वय ७४. मागे दीडशेच्या आसपास शोधनिबंध, आणि तीसहून जास्त भाषांत गेलेल्या कविता.

सुरुवातीचा प्रश्न आठवा. नीट बघून सांगण्याला काय किंमत? होलुबच्या आयुष्यात ती दोन्ही बाजूंनी दिसते. बघून लिहिल्यामुळे त्याची कविता पुतळ्यांपेक्षा जास्त टिकली. आणि ते बघणं चालू ठेवण्यासाठी त्याला एकदा मान खाली घालावी लागली. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर आहेत.

तुमच्यापैकी कुणी नर्सिंग करतंय, कुणी कोडिंग, कुणी डिलिव्हरी, कुणी स्पर्धा परीक्षा. आणि बऱ्याच जणांच्या नोट्स अ‍ॅपमध्ये लपवलेल्या कविता आहेत, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. तर या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या कामातली एक गोष्ट घ्या, जी फक्त तुम्हालाच रोज दिसते. दहा ओळी लिहा. 'महान', 'सुंदर', 'भयंकर' असला एकही शब्द वापरायचा नाही. काय दिसलं तेवढंच.

नोकरी मात्र सोडू नका. भेटू पुढच्या भागात!